अठरा ते पंचावन्न

मराठीच्या प्राध्यापकाने कॅमेऱ्याच्या लेन्सवर लिहावे, हे आमच्या काही जुन्या वाचकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. या सदरातून मी आजवर छत्रीवर लिहिले, घरातल्या जुन्या पलंगावर लिहिले, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर तर दोनदा लिहिले. मागे एकदा चष्म्यावर लिहिले, तेव्हा कुणी हरकत घेतल्याचे स्मरत नाही. आणि लेन्स म्हणजे तरी काय? कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चढवलेला चष्माच की! फरक एवढाच, की नाकावरचा चष्मा डॉक्टर ठरवून देतात आणि कॅमेऱ्याचा नंबर आपला आपल्याला ठरवावा लागतो. सगळी पंचाईत तिथेच आहे.

आमच्या घरी कॅमेरा आला तो वेतन आयोगाच्या थकबाकीतून. थकबाकीचा पैसा मोठा विचित्र असतो. तो आपल्याच घामाचा असूनही हाती येतो तेव्हा लॉटरीसारखा वाटतो. सौ.चे म्हणणे, स्वयंपाकघराच्या ओट्याची फरशी बदलावी. कन्येचे म्हणणे, कॅमेरा घ्यावा. मी तटस्थ राहिलो आणि नेहमीप्रमाणे कन्येच्या बाजूने तटस्थ राहिलो. कॅमेरा आला, दोन वर्षे तिने तो गळ्यात मिरवला, पुढे शिक्षणासाठी ती बंगळूरला गेली आणि जाताना कॅमेरा माझ्या हवाली करून गेली. "बाबा, तू वापर. नुसता कपाटात ठेवलास तर बुरशी येते." बुरशीच्या भीतीने मी छायाचित्रकार झालो.

कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स आली होती, तिच्यावर १८-५५ असे आकडे होते. मला ते प्रथम वयोमर्यादेचे आकडे वाटले. माझ्या वर्गात मुले येतात ती अठराव्या वर्षी, आणि मी स्वतः पंचावन्नच्या दिशेने निघालेला. म्हटले, वा! आमच्या महाविद्यालयाचीच लेन्स दिसते! आमचे भौतिकशास्त्राचे सहकारी मात्र हसले नाहीत. विज्ञान शाखेच्या माणसांना आमचे विनोद उशिरा कळतात. ते म्हणाले, "सर, ते मिलिमीटर आहेत. नाभीय अंतर. आकडा लहान, तर दृश्य रुंद. आकडा मोठा, तर दूरचं जवळ." नाभीय अंतर हा शब्द शाळेनंतर इतक्या वर्षांनी कानावर पडला, आणि बालपणीचा एखादा मित्र स्टेशनवर भेटावा तसे झाले.

इथवर सारे सुखाचे होते. दुःखाचा उगम झाला तो गेल्या भाऊबीजेला.

आमचे मूळ घर वाईला. आई तिथे दादा-वहिनींबरोबर राहते. ती सत्त्याहत्तर वर्षांची आणि मामा तिच्याहून चारांनी मोठा. दर भाऊबीजेला तो साताऱ्याहून एस.टी.ने यायचा, माजघरात पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा आणि रात्री मुक्काम न करता परतायचा. "घरी कुत्रं एकटं आहे," हे त्याचे कारण. कुत्रे केव्हाच गेले होते, पण कारण टिकून होते. गेल्या वर्षी मी ठरवले, की या दोघांचा एक चांगला फोटो काढायचाच. मधे लुडबुड नको म्हणून माजघराच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी उभा राहिलो, लेन्स फिरवून पंचावन्नवर नेली, आणि आईने तबक ओवाळायला घेतले तसा खटका दाबला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सगळे ठीक दिसले. त्या एवढ्याशा पडद्यावर सगळेच ठीक दिसते.

चैत्रात मामा गेला.

तेराव्याच्या आधी मामेभावाचा फोन आला, "तुझ्याकडं भाऊबीजेचा फोटो असेल ना? तो पाठव. त्यात ते हसत होते." मी फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. भिंत स्पष्ट होती. कोनाड्यातला पितळी गणपती स्पष्ट होता. निरांजनाची ज्योत तर अशी, की बोट लावले तर चटका बसावा. आणि त्या ज्योतीच्या दोन बाजूंना दोन धुरकट ढग होते. एक आई, एक मामा. आईला तो दाखवायचा नव्हता, पण तिने मागून घेतला, चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाली, "दिवा तेवढा छान आलाय हं."

तिने ते मनापासून म्हटले होते. म्हणूनच ते मला लागले.

माणसाला स्वतःची चूक सापडली, की तो प्रथम बाजारात जातो. मीही तेच केले. ही लेन्सच लहान, स्वस्तातली, तेव्हा हिला बदलली पाहिजे, असे मनाने घेतले. आणि एकदा मनाने घेतल्यावर पाहतो तो, लेन्सच्या बाजारात काय नव्हते! १८-१४० होती, १८-२०० होती. टॅमरॉन कंपनीने २०१७ साली काढलेली १८-४०० होती. तिच्यात म्हणे समोरचे देऊळही मावते आणि कळसावरचा कावळाही. एकच लेन्स घ्यावी आणि पुन्हा म्हणून ती काढू नये, हा विचार मला फार आवडला. तो एकपत्नीव्रतासारखा वाटला. सौ.ला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "असं का? मग पहिलीला सोडताय कशाला?"

मी भौतिकशास्त्राच्या सरांना गाठले. त्यांच्या खोलीत चहा चांगला मिळतो, हेही एक कारण.

"सर, १८-२०० घेऊ का?"

"कशाचे फोटो काढता?"

"सगळ्याचे."

"सगळ्याचे कुणीच काढत नाही," ते म्हणाले. "आधी तुमच्या कॅमेऱ्याची खिडकी केवढी आहे, ते समजून घ्या." आणि त्यांनी माझ्याच एका हजेरीपत्रकाच्या मागे चौकटी काढून मला शिकवणी दिली. ती मी वाचकांपुढे ठेवतो, कारण दिवाळीत पुष्कळ घरांतून कॅमेऱ्याचा विषय निघतो आणि तो बहुधा इथेच अडतो.

ऑस्कर बारनाक नावाच्या जर्मन माणसाने सिनेमाची फिल्म साध्या कॅमेऱ्यात आडवी घातली आणि ३६ गुणिले २४ मिलिमीटरची चौकट केली. त्याचा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला, आणि तीच चौकट जगाचे माप ठरली. पुढे फिल्म जाऊन तिच्या जागी संवेदक आला. तेवढाच मोठा संवेदक महाग पडतो, म्हणून आपल्यासारख्यांच्या कॅमेऱ्यांत त्याहून लहान घालतात. निकॉनमध्ये तो साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर असतो, कॅननमध्ये किंचित आणखी लहान. क्षेत्रफळ मोजले तर मोठ्याच्या निम्म्याहूनही कमी. लेन्स तेच चित्र पाडते. संवेदक त्याच्या कडा कातरून मधला तेवढा भाग घेतो. म्हणून याला क्रॉप म्हणायचे. आम्ही मुलांना उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश लिहायला लावतो, तसाच हा प्रकार.

या कातरण्यामुळे दृश्य अरुंद होते आणि लेन्स लांबल्यासारखी वाटते. निकॉनला दीडने गुणायचे, कॅननला १.६ ने. माझी १८ म्हणजे जुन्या मापाने २७. ५५ म्हणजे ८२ च्या आसपास. "आता बघा," सर म्हणाले, "मोठ्या कॅमेऱ्याची २४-७० ही नावाजलेली लेन्स. तुमच्या मित्राकडे ती आहे म्हणून तुम्ही ती तुमच्या कॅमेऱ्याला लावली, तर तिची होते ३६ ते १०५. घरातल्या खोलीत तुमची पाठ भिंतीला टेकेल आणि तरी अर्धं कुटुंब चौकटीबाहेर राहील. आपल्या कॅमेऱ्याला रोजच्या वापराची लेन्स सोळा, सतरा किंवा अठरापासूनच सुरू झाली पाहिजे. दुसरं टोक कुठंही असो."

"पण ते दुसरं टोक कुठं असावं?"

"ते मला विचारू नका. तुमच्या फोटोंना विचारा."

प्रत्येक फोटोच्या पोटात तो कोणत्या मिलिमीटरवर, किती छिद्राने, सेकंदाच्या कितव्या भागात काढला, याची नोंद असते, हे मला त्या दिवशी कळले. सुट्टीत कन्या आली, तेव्हा दोघांनी बसून ती नोंद वाचली. दोन वर्षांत मी नऊशे बारा फोटो काढले होते. त्यांतले चारशे वीस थेट अठरावर. तीनशे एक थेट पंचावन्नवर. मधल्या साऱ्या प्रदेशात मिळून एकशे एक्क्याण्णव. म्हणजे मी लेन्स वापरत नव्हतो, नुसती या टोकापासून त्या टोकाला आपटत होतो.

"बघितलंस?" मी विजयाने म्हणालो. "तीनशे एक वेळा पंचावन्न! म्हणजे मला आणखी लांबची लेन्स हवी आहे."

कन्येने ते तीनशे एक फोटो एकेक उघडायला सुरुवात केली. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला गेलो होतो, ते वीसेक. त्यांत गुलाबी रेघ दिसत होती, पक्षी दिसत नव्हते. पण तिथेच माझ्या शेजारी नावेत भोपळ्याएवढी लेन्स घेतलेले एक गृहस्थ होते, आणि दोनशेवर काम भागेल का असे मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे आमच्या प्राचार्यांसारखे पाहिले होते. पाखरांना दोनशेही पुरत नाही. काही देवळांचे कळस, मेणवलीच्या घाटावरची ती मोठी घंटा, असे आणखी चाळीस. उरलेले दोनशे चाळीस? सगळी माणसे. आई तुळशीला पाणी घालताना, अंगणाच्या पलीकडून. दादा पेपर वाचताना, खिडकीतून. सौ. भाजी निवडताना, दुसऱ्या खोलीतून. माझे विद्यार्थी, सभागृहाच्या मागच्या रांगेतून.

कन्या काही बोलली नाही. सौ. मात्र मागे उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आम्हाला सगळ्यांना रोहित पक्षीच समजता की. जवळ आलात तर उडून जाऊ का आम्ही?"

शेवटी तो भाऊबीजेचा फोटो उघडला. पंचावन्न मिलिमीटर, एफ/५.६, सेकंदाचा आठवा भाग, आय.एस.ओ. १६००. मी ते आकडे एका चिठ्ठीवर लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सरांपुढे ठेवले. एखाद्याने रक्ताचा अहवाल ठेवावा तसे.

सरांनी चिठ्ठी पाहिली. "भिंत स्पष्ट आहे ना? मग तुमचा हात हलला नाही. हल्लीच्या पुष्कळ लेन्सेसमध्ये हाताचा कंप सावरायची सोय असते, तिनं आपलं काम केलं. पण ओवाळणारीचा हात हलणारच, आणि ओवाळून घेणारा हसणारच. त्यांना कोण थांबवणार? सेकंदाचा आठवा भाग माणसाला फार मोठा होतो. निदान साठावा हवा."

मग त्यांनी हिशेब मांडला. लेन्सच्या छिद्राच्या आकड्याची मौज अशी, की तो जितका लहान तितके छिद्र मोठे. साध्या झूम लेन्सचे छिद्र अठरावर एफ/३.५ असते आणि पंचावन्नला जाताजाता एफ/५.६ इतके आक्रसते. १८-२०० चेही लांबच्या टोकाला तेच. म्हणजे जी लेन्स मी घ्यायला निघालो होतो, तिने दिवाणखान्यात माझे तिळभर भले केले नसते. ती उन्हातली लेन्स. हंपीला जावे, धुळीत वारंवार लेन्स बदलायला नको, समोरची कमान आणि दूरची शिल्पपट्टी एकाच दमात टिपावी, अशा प्रवाशाला तिच्यासारखी दुसरी नाही. पण माजघरात ती माझ्या जुनीइतकीच आंधळी. याउलट १७-५० एफ/२.८ अशी एक जात असते. तिचे छिद्र दोन्ही टोकांना एफ/२.८ च राहते. ५.६ आणि २.८ यांत उजेड दुप्पट नव्हे, चौपट. आठव्याचा बत्तिसावा होतो. आय.एस.ओ. दुप्पट करून ३२०० केला, की झाला साठाव्याच्या आसपास.

"म्हणजे ही लेन्स असती तर मामा स्पष्ट आला असता!" मी म्हणालो. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. दोष लेन्सचा ठरला होता.

सर कपातला चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "आता दुसरा हिशेब ऐका. तुम्ही तुमचीच लेन्स चोवीसच्या आसपास ठेवून पाच पावलं पुढं गेला असतात, तर छिद्र मिळालं असतं एफ/४. उजेड दुप्पट. सेकंदाचा सोळावा भाग. आय.एस.ओ. ६४०० केला असतात, तर चौसष्टावा. फोटो जरा रवाळ आला असता. पण ते दोघं आले असते."

हजेरीपत्रकाच्या मागे दोन हिशेब शेजारीशेजारी होते आणि दोन्हींचे उत्तर एकच होते. एका बाजूला नवी लेन्स, दुसऱ्या बाजूला पाच पावले.

त्या संध्याकाळी मी वडिलांचा जुना अल्बम काढला. वडिलांकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता; त्या काळी मध्यमवर्गीय घरांतून जो असायचा तोच. एका रिळात बारा फोटो. लेन्स एक, तिला ना झूम ना काही. साध्या कॅमेऱ्यांसाठी पहिली झूम लेन्स फोइग्टलेंडर कंपनीने १९५९ साली आणली खरी, पण आमच्या घरापर्यंत यायला तिला पुढची पन्नास-साठ वर्षे लागली. त्या क्लिक थ्रीने काढलेला आई आणि मामाचा एक फोटो अल्बममध्ये आहे. बहुधा भाऊबीजेचाच, पण दुपारचा, आणि अंगणातला. आईच्या हातात तबक, निरांजन उन्हात दिसतसुद्धा नाही, मामा पाटावर बसून डोळे बारीक करतो आहे. सुस्पष्ट! शर्टाची तुटलेली गुंडीसुद्धा मोजून घ्यावी. वडिलांना आपल्या कॅमेऱ्याला काय येत नाही, हे पक्के ठाऊक होते. म्हणून ते म्हणायचे, "चला, सगळे अंगणात या." आम्ही कुरकुरत जायचो. मला ती त्यांची हुकूमशाही वाटायची. आता कळते, की ते आम्हाला उजेडात बोलावत होते; आणि मोजकी पावले टाकून आमच्यासमोर येऊन उभे राहत होते.

मग मी लेन्स घेतली की नाही? घेतली. वाचकांना निराश करावे असा माझा हेतू नाही, आणि पश्चात्तापाला काही तरी खरेदीची जोड असल्याशिवाय मध्यमवर्गीयाला तो पुरता झाल्यासारखे वाटत नाही. पण घेतली ती आकडे पाहून नव्हे, माणसे पाहून. नऊशे बारापैकी सहाशेहून अधिक फोटो घरातले, संध्याकाळचे, माणसांचे. मला लांबी नको होती, उजेड हवा होता.

अशी लेन्स घेताना जे कळले ते थोडक्यात सांगतो. आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे दिवस आता सरत आले आहेत. कंपन्यांचे लक्ष बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे आहे आणि त्यांच्यासाठी नव्या, हलक्या लेन्सेस निघतात. सिग्माची २०२१ ची १८-५० एफ/२.८ तर जेमतेम तीनशे ग्रॅमची आहे; पण ती माझ्या कॅमेऱ्याला बसत नाही. जुन्या कॅमेरेवाल्यांनी वापरलेल्या लेन्सकडे वळावे. मी मुंबईला बोराबाजारात गेलो आणि सिग्माचीच २०१० साली निघालेली १७-५० एफ/२.८ घेतली. किंमत पडली कन्येच्या एका सत्राच्या खाणावळीइतकी. दुकानदार वयस्कर आणि सज्जन होते. त्यांनी स्वतःच बॅटरी लावून लेन्समधून आरपार पाहायला लावले. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ती लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. धुळीचे दोन कण असले तर त्याची चिंता नको. झूमचे कडे दोन्ही टोकांपर्यंत अडखळत नाही ना, हे पाहावे. निकॉनच्या साध्या कॅमेऱ्यांत स्वतःची मोटर नसते, म्हणून लेन्समध्ये मोटर आहे याची खात्री करावी, नाहीतर फोकस हाताने करत बसावे लागेल. भिंतीवर वर्तमानपत्र लावून दोन्ही टोकांना, छिद्र पूर्ण उघडे ठेवून फोटो काढावा आणि मधली व कोपऱ्यातली अक्षरे मोठी करून वाचावी. मी ते केले. मुद्रितशोधनाची सवय इथे उपयोगी पडली. बातमीत ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुकाही सापडल्या.

दोष सांगायलाच हवेत. ही लेन्स ५६५ ग्रॅमची आहे. माझी जुनी सुमारे दोनशेची होती. गळ्यात अडकवून तासभर हिंडले, की मान मोडून येते. शाळेच्या स्नेहसंमेलनात हिचा उपयोग नाही. तिथे अंधारही असतो आणि रंगमंचही लांब, आणि दोन्हींना पुरून उरणाऱ्या ७०-२०० एफ/२.८ लेन्सचे ओझे दीड किलोच्या घरात जाते. आणि जवळ जायचे तेही बेताने. अठरावर नेऊन माणसाच्या तोंडाशी कॅमेरा धरला, तर नाक पुढे येते आणि कान मागे पळतात. तो दोष लेन्सचा नसून अंतराचा. पाच-सहा फुटांवर उभे राहावे आणि मग पस्तीस ते पन्नासच्या दरम्यान चौकट बांधावी. चेहरा आपल्याला रोज दिसतो तसा येतो. माणसाशी बोलताना आपण साधारण एवढ्याच अंतरावर असतो, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

आणि ज्यांना इतके काही करायचे नसेल, त्यांनी आपली १८-५५ सुखाने वापरावी. तिला उजेडाकडे न्यावे, आणि आपण माणसाकडे जावे. एवढ्याने पुष्कळ भागते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज तोंडावर असेल. परवा वाईला फोन केला, तेव्हा आईला भीतभीत विचारले, "या वर्षी काय गं?" तिचा दुसरा भाऊ नाही.

"काय म्हणजे? चंद्राला ओवाळीन. ज्यांना भाऊ नसतो त्या तेच करतात. तू लहानपणी त्याला मामाच म्हणायचास."

भाऊबीजेची चंद्रकोर बारीक असते, आणि वाईला पश्चिमेच्या बाजूला पसरणीच्या घाटाचे डोंगर आहेत. कोर त्यांच्याआड लवकर जाते. तेव्हा वेळेवर गच्चीत जायला हवे. मी हे सरांच्या कानावर घातले. त्यांनी सवयीने लगेच हिशेब केला: पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये सबंध चंद्र संवेदकावर अर्ध्या मिलिमीटरचाही पडत नाही. दोनशेच्या लेन्समध्ये पावणेदोन-दोन मिलिमीटरचा पडला असता. "आता वाटतंय ना," ते मिस्कीलपणे म्हणाले, "की ती लांबची घ्यायला हवी होती?"

मला तसे वाटले नाही. चंद्राचा फोटो जगात कुणीही काढील. तो दूरचा आहे आणि दरवर्षी येणार आहे. मी त्याच्याकडे पाठ करून, आईच्या समोर, पाच-सहा फुटांवर उभा राहणार आहे. लेन्स पस्तीसवर, छिद्र एफ/२.८, आय.एस.ओ. ३२००. तबकात निरांजन असेल आणि त्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर असेल. तेवढा उजेड मला पुरेल.